शंकास्पद फुलपाखरू

तळ्याच्या काठावर लँगरिशसाहेबांनी छत्तिसावा फोटो काढला आणि कॅमेऱ्यातलं रीळ संपलं. छत्तीसच्या छत्तीस फोटो चतुर किड्यांचे होते.

"आता ओकच्या रानात काय करणार?" टिकनरबाईंनी विचारलं.

"तिथे फोटो काढण्यासारखं काय असणार आहे, बाई?"

पंचक्रोशीच्या कीटक मंडळाची नोंदवही साहेबांच्या ताब्यात होती. गेली सहा वर्षं दर जुलैत त्यांच्याकडे एक चिठ्ठी यायची : 'ओकच्या रानात जांभळा सम्राट पाहिला. डोरीन टिकनर.' साहेब त्यावर लाल शाईने 'शंकास्पद' असं लिहून ती परत पाठवायचे. यंदा ठरलं होतं, साहेब स्वतः येतील. चर्चच्या घड्याळात तीन वाजेपर्यंत हे फुलपाखरू दिसलं तर नोंद वहीत जाईल. नाही दिसलं तर बाई जन्मात पुन्हा चिठ्ठी पाठवणार नाहीत.

वाटभर साहेब काठीने दाखवत चालले. हा भुंगा. हा नाकतोडा. ही गवतातली तपकिरी फुलपाखरं, त्यात नवल काही नाही. एका ढालकिड्याला त्यांनी त्याच्या पूर्ण लॅटिन नावाने हाक मारली. किडा उडून गेला.

ओकखाली बाईंनी पिशवीतून ताटली काढली. तीन दिवस उन्हात ठेवलेली कोळंबी. जांभळा सम्राट झाडाच्या शेंड्यावर राहतो आणि फुलांकडे ढुंकूनही बघत नाही, पण घाणेरडा वास आला की खाली उतरतो. आधी माशा उतरल्या. मग गांधीलमाशा. साहेबांनी टोपी काढून त्या हाकलल्या. पावणेतीन होत आले. साहेबांचं टक्कल घामाने चमकत होतं.

"निघू या," साहेब म्हणाले. "आणि ही कोळंबी माझ्या गाडीत येणार नाही."

बाई साहेबांच्या कपाळाच्या जरा वर बघत होत्या.

"साहेब, हलू नका."

"गांधीलमाशी?"

"नाही. जांभळे पंख. पांढरा पट्टा. पिवळी सोंड. तुमच्या टकलावर बसून घाम पितोय."

कोळंबीकडे त्याने पाहिलंही नव्हतं.

साहेबांचा आवाज एकदम बारीक झाला. "बाई, मी एकोणतीस वर्षं हे काम करतोय. मला अजून एकदाही दिसलेला नाही."

"आताही नाहीच दिसणार," बाई म्हणाल्या. "पण नोंद तर झाली ना?"

"नाही झाली." साहेब ओठ न हलवता बोलत होते. "दोन सभासदांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, असा नियम आहे."

"मी एक, तुम्ही दुसरे."

"मला माझं डोकं दिसत नाही, बाई."

"कुणी केला असला नियम?"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "मी."

सगळ्यांत जवळचा सभासद म्हणजे आर्थर पटॉक खाटीक. शनिवार असल्यामुळे तो अर्ध्या मैलावर, गावच्या मैदानात अंपायर म्हणून उभा असणार होता.

"कोटाची बटणं लावा," बाई म्हणाल्या.

"या उन्हात?"

"घाम आटला तर तो उडेल. लावा म्हणते ना."

साहेबांनी लोकरीच्या कोटाची सगळी बटणं लावली. बाईंनी आपला स्वेटर त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि वर गाठ मारली. मग साहेब डोक्यावर भरली घागर असल्यासारखे चालू लागले. बाई पुढे होऊन काटेरी फांद्या बाजूला धरत होत्या. वाटेतल्या कुरणात एक बैल होता. त्याने साहेबांकडे पाहिलं, विचार केला आणि वाट सोडली.

"बसलाय का?" साहेब दर वीस पावलांनी विचारत.

"बसलाय. नाकाने श्वास घ्या."

कुंपण ओलांडताना साहेबांचा एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे असतानाच चर्चच्या घड्याळाने तीन ठोके दिले. दोघंही थांबली.

"मला काही ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

"कसं येणार?" साहेब म्हणाले. "ते घड्याळ पुढेच असतं नेहमी. डावा पाय कुठे टाकू?"

मैदानात गोलंदाज धावत सुटला होता आणि लँगरिशसाहेब सरळ खेळपट्टीवर चालत आले. चारी बाजूंनी ओरडा झाला. "अहो, डोळे आहेत का?" "म्हाताऱ्याला ऊन लागलं वाटतं!" "स्वेटर बघा स्वेटर!" मग जे जवळ होते ते गप्प झाले, आणि ते गप्प का झाले हे बघायला लांबचे जवळ आले. फलंदाजाने हातमोजे काढले. यष्टिरक्षक साहेबांच्या आणि वाऱ्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

पटॉक खाटीक चष्मा पुसत आला. त्याच क्षणी सम्राटाने पंख पूर्ण उघडले आणि उन्हात एक जांभळी ठिणगी उडाली. पटॉकने पांढरी टोपी उतरवून छातीशी धरली. मग एकेक करत सगळ्या टोप्या उतरल्या. पाहुण्या संघाला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण त्यांनीही उतरवल्या.

पटॉकने घसा साफ केला. "लँगरिश, नर आहे का मादी?"

साहेबांची मान ताठ होती, नजर समोर होती आणि घामाचे ओघळ कॉलरमध्ये उतरत होते.

"मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "टिकनरबाईंना विचार."