न थांबणारा लूप

दहावीच्या जावा प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला मृण्मयीचा प्रोग्राम सगळ्यांबरोबरच लिहून झाला आणि सगळ्यांसारखाच अचूक चालला. कानामागची चिप सांगत होती, बोटं टाइप करत होती.

डॉक्टरांनी चिप बसवायला नकार दिलेली वर्गातली एकटी कस्तुरी मात्र अजून झगडत होती. तिचा लूप थांबतच नव्हता. स्क्रीनवरून तोच एक आकडा पुन्हा पुन्हा नुसता धावत होता. ती नखं खात होती, स्वतःशीच पुटपुटत होती. मग एकदम ओरडली, "अय्या, मी काउंट वाढवलाच नव्हता!"

पुढच्या वेळी आकडे दहावर गपकन थांबले. कस्तुरी खुर्चीतल्या खुर्चीत नाचली.

"हळू गं, परीक्षा आहे," बागवान मॅडम म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. मृण्मयीकडे बघून त्या अशा कधीच हसल्या नव्हत्या.

मृण्मयीचा जळफळाट झाला. पैकीच्या पैकी मार्क तिला नेहमीच मिळायचे, पण असं ओरडावं इतकं काही तिला कधी सापडलंच नव्हतं.

तिने गुपचूप आपल्या लूपमधली काउंट वाढवणारी तीच ओळ खोडली आणि प्रोग्राम चालवायला हात पुढे केला. पण बटणापर्यंत पोचण्याआधीच तिची बोटं आपोआप मागे वळली आणि ती ओळ जशीच्या तशी टाइप करून मोकळी झाली.