चटईखालचं जाळं

कंबोडियातल्या तोनले साप तळ्यातल्या खांबांवरच्या घरांत अनोळखी पाहुणा म्हणजे मासेमारी खात्याचा माणूस, अशी यानमावशीची समजूत. होडी शिडीला लागताच तिने बंदी असलेलं बारीक जाळं चटईखाली सरकवलं आणि वर लेकीला झोपवलं. "डोळे उघडलेस तर याद राख." पाहुण्याने दारात लाल फडक्याची पुरचुंडी ठेवून घरभर नजर फिरवली. "ताई, मुलगी जाळी छान विणते म्हणे?" "ही? हिला सुई धरता येत नाही." "होडी तरी वल्हवते?" "दिवसभर झोपते. बघा ना." पाहुण्याने बघितलं, सुस्कारा सोडला आणि पुरचुंडी उचलून शिडी उतरला. फडक्यातून मागणीची पानसुपारी डोकावली. मावशी चपापली. ती घेऊन दंड करायला कुणी येत नाही. "आई, ते माझ्या बोरिथचे बाबा होते," लेक डोळे मिटूनच म्हणाली. "मग बोलायचं ना, बये." "झोपलेली मुलगी कशी बोलणार?"