मोराचा डोळा

"आई, आता बघ माझ्याकडे!" रेवती म्हणाली.

सिंधूबाईंनी मान वळवली आणि शेजारचा लॅपटॉप पुन्हा बंद पडला. त्यांच्या कृत्रिम डोळ्यांपुढे अंधार झाला. डोळ्यांनी टिपलेलं चित्र जुळवून लॅपटॉपच मेंदूकडे पाठवायचा. सकाळपासून त्यांना मांडव दिसला, जावई दिसला, नवरी मुलगी तेवढी दिसेना.

"माझ्या पैठणीमुळे होतंय हे!" रेवती एकदम ओरडली. "धूपछाँव विणलीस ना तू! जरा हलले की हिरवीची जांभळी होते. लॅपटॉपवर काल आलेल्या ग्राफिक्स ड्रायव्हरला, चित्र जुळवणाऱ्या त्या प्रोग्रॅमला, हा बदलता रंग झेपत नाहीये. डोळे मीट!"

बाहेर भटजी घाई करत होते. मुंडावळ्या मागे सारून तिने नवा ड्रायव्हर काढून टाकला, जुना बसवला आणि लॅपटॉप सुरू केला.

"उघड!"

हिरवा झळकला, जांभळा झळकला, आणि त्या झळाळीत लेक उभी होती.

"दिसलीस गं, दिसलीस!" सिंधूबाईंनी तिचा पदर हातात घेतला. डोळे बसवण्याआधी, नुसत्या बोटांनी चाचपून विणलेला तो पदर त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. आणि त्या खदखदून हसत सुटल्या.

"अगं रेवे, मोराला डोळा घालायचा राहिलाच की!"