नापास झालीस तर

"चूक! पुन्हा तीच चूक!" लोसालिनी आत्यानं पुस्तक टेबलावर आपटलं. "पाऊस पडला तर बाजार बंद. पाऊस पडला नाही. मग बाजार उघडा का?"

"उघडाच की," केलेरा म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला? दुसऱ्या कशानंही बंद असेल. दिलंय तेवढंच धर, पदरचं घालू नकोस, गाढवे."

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत या जर-तरचे वीस प्रश्न असत. पास झाली तर केलेरा इथे सुवा शहरात राहून कायदा शिकणार होती. नापास झाली तर काय, ते आत्यानं आधीच ऐकवलं होतं. कांदावू बेटावरून काकांचा निरोप आला होता: बुबूनं अंथरूण धरलंय, तुमच्या घरातली एक बाई पाठवा. बुबूसाठी, म्हणजे आजीसाठी, आलेला असा निरोप मोडायची कुणाची छाती होती? आणि घरात बायका या दोघीच.

"नापास झालीस तर शुक्रवारची बोट धरायची आणि म्हातारीची सेवा करायची. रडारड चालणार नाही."

"तुला मी घरात नकोच आहे!"

"पुढचा प्रश्न. सेरू किंवा जोने, एक जण तरी होडीत असतोच. सेरू नाही. मग?"

"सांगता येत नाही."

"डोंबल! जोने असणारच ना! होडी रिकामी कशी जाईल?"

अशी शिकवणी महिनाभर चालली. मध्येच आत्या तिला उठवून गॅसचं सिलिंडर बदलायला लावायची. "भाडं कधी द्यायचं ते ठाऊक नाही, आणि निघाली वकील व्हायला!" स्वतः मात्र वीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात राबून यंदा सुपरवायझर झाल्याचं गल्लीभर सांगत फिरायची. केलेराला तिचा आवाजसुद्धा नकोसा झाला होता.

गुरुवारी निकाल लागला. केलेरा पास! पळत घरी आली, तर दाराशी भरलेली बॅग, गुंडाळलेली चटई आणि वर बोटीचं तिकीट.

आत्या कसावाचे कंद सोलत बसली होती. आज ती कारखान्यात गेलीच नव्हती.

"आत्या, मी पास झाले!"

"माहीत आहे. सकाळीच यादी बघून आले."

"मग ही बॅग कशाला?"

"उद्या बोट आहे म्हणून."

"नापास झाले तर जायचं, असं म्हणाली होतीस!"

"हो. पास झालीस तर काय, ते कुठे बोलले होते मी?" आत्यानं मान वर केली नाही. "महिनाभर घसा फोडला, तरी तुझं आपलं तेच."

"खोटारडी! दुष्ट! मी मेले तरी जाणार नाही!"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतात."

केलेरानं फाडून टाकायला तिकीट उचललं. त्यावर नाव लोसालिनीचं होतं.