अर्धा पेला

बायको सिंधू गेल्याचं नांदेडच्या दवाखान्यातून कळलं, तेव्हा शेषेराव घरी तिच्यासाठी अर्धा पेला पाणी मापून ठेवत होता. किडन्या गेल्यापासून डॉक्टरांनी तिला दिवसाला अर्धाच लिटर पाणी सांगितलं होतं आणि दीड वर्ष ते मोजून देणारा शेषेरावच. त्या सकाळी भावाबरोबर डायलिसिसला निघतानाही तिनं मागितलं होतं.

"आवं, घोटभर द्या की. नरडं लई वाळलंय."

"आता न्हाई. आल्यावर अर्धा पेला देतो."

"तुमच्यापरीस रेशनवाला बरा," म्हणत ती ऑटोत बसली.

तिसऱ्या दिवशी कंधारच्या स्मशानात राख सावडण्याआधी विस्तव विझवायचा होता. शेषेरावनं घागर उचलली, पण सवयीनं हात आखडला आणि घोटभरच पाणी पडलं. राख चरचरली.

"सगळी घागर वता, दाजी," तिचा भाऊ भागवत हळूच म्हणाला. "आता कितीबी चालतंय तिला."

शेषेरावनं एकामागून एक चार घागरी ओतल्या. राख पार थंड झाली.

घरी तो पेला तसाच झाकून होता. तिला द्यायचा राहिला.