यल्लम्माची घागर

निजामाच्या राज्यातली गोष्ट हाय. जनवाड्याची यल्लम्मा कुंभारीण शिवम्मा, राजूबाई, गीताबाई अशा गावातल्या बायकांना घागरी थापायला शिकवायची. एकदा शिवम्माचा धक्का लागून यल्लम्माची वाळत ठेवलेली घागर फुटली. शिवम्मानं गुपचूप आपली वाकडी घागर तिच्या जागी भट्टीत लावली.

भट्टी उघडल्यावर यल्लम्मा म्हणाली, "आताशा दर भट्टीत माझी घागर वाकडी निघती! माझेच हात थरथरायलेत की गं! उद्यापसून शिकवणं बंद."

शिवम्मा पुढं झाली. "अक्का, असं नका म्हणू..."

यल्लम्मानं घागर फिरवून बघितली. "पण नवरा गेल्यापसून माझ्या हातात बांगडी न्हाई. मग घागरीवर बांगडीचा ठसा कुणाचा गं?"

शिवम्मानं झटकन हात पदराखाली घेतले.



शिवम्मा बाजूला बघती तर काय, राजूबाई, गीताबाई, सगळ्याजणींचे हात पदराखाली!