राखणीचा दोरा

शंभू परभणीच्या कापड रंगवायच्या कारखान्यात लागला, तेव्हा पेडगावच्या सिद्धम्मानं महादेवाच्या पिंडीला लावून आणलेला काळा दोरा लेकाच्या मनगटात बांधला. त्यात एक रुद्राक्ष ओवला होता.

"मशीनचं काम हाय बाबा. ह्यो राखण करील तुझी."

पुढं फोनवर ती दर वेळी विचारायची, "दोरा हाय ना?"

"हाय की माय. लय काम करायलाय तुझा दोरा. तवापासून मशीन एकदाबी बंद पडली न्हाई."

हे तिनं देवळात येणाऱ्या सगळ्या बायकांना कौतुकानं सांगितलं.

मग एक दिवस गुंतलेलं कापड सोडवायला शंभूनं झाकण उघडून हात आत घातला. मशीन थांबली नाही. शंभू गेला.

कारखान्यात आलेल्या सिद्धम्माला त्याच्या सोबतचा कामगार खाली मान घालून म्हणाला, "झाकण उघडलं की मशीन थांबवणारा खटका असतोय, मावशी. तो उगंच पडायचा, काम अडायचं. म्हणून शंभूनं बांधून ठेवला होता."

तिनं खटक्याकडं पाहिलं.



खटक्याला बांधलेल्या काळ्या दोऱ्यातला रुद्राक्ष जागच्या जागी होता, आणि गाठ जराही सैल झाली नव्हती.